‘अल्टेअर’ची कहाणी : एका सूक्ष्मसंगणक कंपनीचा उदय आणि अस्त

श्रावण महिन्याला ज्या नक्षत्रावरून नाव मिळाले, त्या श्रवण नक्षत्राचा ठळक तारा पावसाळा सरताना संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर दिसतो. पाश्चात्य खगोलशास्त्रात याच ताऱ्याला ‘अल्टेअर’ म्हणतात. मूळ शब्द अरबी असून त्याचा अर्थ ‘उडणारा’ असा आहे. जानेवारी १९७५ मध्ये हे नाव अमेरिकेतील एका पत्र्याच्या पेटीला मिळाले. ते कोणी सुचवले, याविषयी संबंधित मंडळींच्या आठवणी जुळत नाहीत. मात्र त्या पेटीने सामान्य माणसाच्या टेबलावर संगणक आणून ठेवण्याचा मार्ग मोकळा केला, याबद्दल दुमत नाही.

ही पेटी बनवणारी कंपनी म्हणजे ‘मिट्स’. तिचे पूर्ण नाव ‘मायक्रो इन्स्ट्रुमेंटेशन अँड टेलिमेट्री सिस्टिम्स’. आज घरोघरी संगणक आहेत, पण मिट्सचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या कंपनीने एक उद्योगच सुरू करून दिला, ती त्या उद्योगात तीन वर्षेही का टिकली नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यात यंत्ररचनेचा एक धडा सापडेल आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यवसायाचा.

गॅरेजमधील आरंभ

न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की गावाजवळ अमेरिकन हवाईदलाची एक शस्त्रप्रयोगशाळा होती. तेथे एड रॉबर्ट्स हा विद्युत अभियंता नोकरीस होता. फॉरेस्ट मिम्स हा त्याचा तेथील सहकारी. या दोघांनी आणखी दोन मित्रांना बरोबर घेऊन १९६९ मध्ये मिट्सची स्थापना केली. कारखाना होता रॉबर्ट्सच्या घराच्या गॅरेजमध्ये. हौसेने छोटे अग्निबाण उडवणाऱ्या मंडळींना त्या अग्निबाणांत बसवण्यासाठी संदेशप्रेषक यंत्रे पुरवावयाची, हा पहिला धंदा. कंपनीच्या लांबलचक नावाचा उगम त्यातच आहे. हा धंदा काही चालला नाही. प्रकाशकिरणावरून आवाज पाठवणाऱ्या यंत्राचे संचही त्यांनी काढले. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या नोव्हेंबर १९७० च्या अंकात त्यावर लेख आला, परंतु शंभराच्या थोडे वर एवढेच संच खपले. भागीदार बाहेर पडले. मिम्स लेखनाकडे वळला आणि कंपनी एकट्या रॉबर्ट्सच्या हाती राहिली.

पण या अपयशातून रॉबर्ट्सला एक गोष्ट कळली होती. अमेरिकेत सुटे भाग जोडून स्वतः यंत्र बनवण्याची हौस असलेला एक मोठा वर्ग होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता अशा मासिकाच्या मुखपृष्ठावरून जात होता.

कॅल्क्युलेटरचा धडा

नोव्हेंबर १९७१ मध्ये त्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर मिट्सचा ‘८१६’ हा टेबलावर ठेवण्याचा कॅल्क्युलेटर झळकला. सुट्या भागांच्या संचाची किंमत १७९ डॉलर आणि तयार यंत्राची २७५ डॉलर. मागण्यांचा पाऊस पडला. दोन वर्षांत कंपनीत शंभराहून अधिक माणसे कामाला लागली.

मग हवा फिरली. कॅल्क्युलेटरचे काळीज म्हणजे त्यातील चिप, आणि ती मिट्स स्वतः बनवत नव्हती, विकत घेत होती. १९७२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही चिप बनवणारी बलाढ्य कंपनी तयार कॅल्क्युलेटर घेऊन स्वतःच बाजारात उतरली. तिच्यामागून इतरही आल्या. किमती झपाट्याने कोसळू लागल्या. शेवटी अशी वेळ आली की, मिट्सला नुसत्या सुट्या भागांना जेवढा खर्च येई, त्याहून कमी पैशांत दुकानात तयार कॅल्क्युलेटर मिळू लागला. १९७४ पर्यंत मिट्सच्या डोक्यावर सुमारे तीन लाख डॉलरचे कर्ज झाले.

हा पहिला धडा लक्षात ठेवावयाचा. आपल्या यंत्राचा मुख्य भाग ज्याच्या हाती असतो, तो आज पुरवठादार असला तरी उद्या प्रतिस्पर्धी होऊ शकतो. रॉबर्ट्सने या धड्याचे किती मोल जाणले, ते पुढे दिसेलच.

रिकामी पेटी

एप्रिल १९७४ मध्ये इंटेल कंपनीने ‘८०८०’ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला. एका बोटाएवढ्या चिपमध्ये संगणकाचा संपूर्ण गणनविभाग त्यात सामावला होता. ज्या संगणकाचा गणनविभाग असा एका चिपमध्ये असतो, त्याला आपण सूक्ष्मसंगणक म्हणतो. त्यापूर्वी ‘लहान’ म्हणून गणला जाणारा पीडीपी-८ हा संगणक १९६५ मध्ये १८,००० डॉलरला विकला जात होता. ८०८० ची जाहीर किंमत नगास ३६० डॉलर होती. रॉबर्ट्सने मोठ्या संख्येने घेण्याच्या बोलीवर ती ७५ डॉलरपर्यंत खाली आणली. सारा व्यवहार या एका आकड्यावर उभा होता. आता तो चारशे डॉलरच्या आत अख्ख्या संगणकाचा संच देऊ शकत होता.

बँकेकडून आणखी ६५,००० डॉलर उचलावयाचे होते. ‘किती यंत्रे खपतील?’ या प्रश्नाला रॉबर्ट्सने ‘वर्षात आठशे’ असे उत्तर दिले. बँकेचा विश्वास बसला नाही. पण कंपनी बुडाली तर जुनी रक्कमही बुडणार, म्हणून कर्ज मंजूर झाले. दोनशे यंत्रे खपली तरी खर्च भरून निघत होता.

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’लाही अशाच यंत्राची गरज होती. जुलै १९७४ मध्ये ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या प्रतिस्पर्धी मासिकाने ‘मार्क-८’ नावाच्या घरगुती संगणकावर लेख छापून बाजी मारली होती. रॉबर्ट्सचा अभियंता बिल येट्स याने यंत्राची रचना पुरी केली आणि एकुलता एक नमुना रेल्वे पार्सलने न्यूयॉर्कला रवाना झाला. तो वाटेतच गहाळ झाला! छपाईची तारीख तर डोक्यावर आलेली. तेव्हा दर्शनी भागावर खटके आणि दिवे बसवलेली एक पोकळ पेटी घाईघाईने पाठवण्यात आली, आणि जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर तिचेच छायाचित्र छापले गेले. आत काहीही नव्हते. अंकात संचाची किंमत होती ३९७ डॉलर.

वर्षाला आठशेचा अंदाज होता. प्रत्यक्षात फेब्रुवारीतच मागण्या हजारावर गेल्या, आणि ऑगस्टपर्यंत पाच हजारांहून अधिक यंत्रे रवाना झाली. जानेवारीत कंपनीत वीसपेक्षा कमी माणसे होती, ऑक्टोबरात ती नव्वदवर गेली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ‘अल्टेअर हा जगातील पहिला सूक्ष्मसंगणक’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. फ्रान्समध्ये ‘मिक्राल’ १९७३ मध्येच तयार झाला होता. अमेरिकेत ‘स्केल्बी’ आणि मार्क-८ हेही आधीचे. अल्टेअर पहिला ठरतो तो वेगळ्या अर्थाने. हजारो माणसांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी विकत घेतलेला पहिला संगणक तो होय.

यंत्र होते तरी कसे?

आजच्या विद्यार्थ्याने अल्टेअर पाहिला तर त्याला हा संगणक आहे हे पटणार नाही. त्याला पडदा नव्हता, अक्षरांची कळफळीही नव्हती. पुढच्या बाजूस खटक्यांची रांग आणि त्यांच्यावर लाल दिवे. स्मृती होती फक्त २५६ बाईटची. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवायला ३ बाईट लागतात, आणि कन्नडचेही तितकेच. म्हणजे या अंकाच्या मराठी विभागातले असो वा कन्नड विभागातले, ८५ चिन्हांहून मोठे वाक्य त्या स्मृतीत मावलेच नसते.

दोन संख्यांची बेरीज कशी करावयाची, ते पाहू. प्रथम संगणकाला पाच आज्ञा द्यावयाच्या : पहिली संख्या स्मृतीतून उचल, ती बाजूला ठेव, दुसरी संख्या उचल, दोन्ही मिळव, उत्तर स्मृतीत ठेव. सहावी आज्ञा पुन्हा आरंभाकडे नेणारी. यांपैकी काही आज्ञांना एक बाईट लागतो, तर ज्यांच्यासोबत स्मृतीतील पत्ता द्यावा लागतो त्यांना तीन. एकूण होतात १४ बाईट. प्रत्येक बाईट म्हणजे आठ खटके. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. ‘संख्या उचल’ ही आज्ञा ००१११०१० अशी मांडावयाची, ‘मिळव’ ही १००००००० अशी. आठ खटके लावून झाले की ‘डिपॉझिट’ नावाचा खटका दाबून तो बाईट स्मृतीत जमा करावयाचा, आणि पुढच्याकडे वळावयाचे. शेवटी ‘रन’. यंत्र थांबवून उत्तराच्या जागेचा पत्ता लावला की दिवे पेटत. तीन आणि पाच मिळवले असतील तर आठांपैकी एकच दिवा लागे : ००००१०००, म्हणजे आठ. मधे एक खटका चुकला तर उत्तर चुकले. वीज गेली तर सारे पुसले गेले, पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

एवढ्या खटाटोपाने आठ हे उत्तर काढण्यात कसला आनंद, असे कोणी विचारील. कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींचा ‘होमब्रू’ संगणक क्लब ५ मार्च १९७५ रोजी एका गॅरेजमध्ये सुरू झाला, तो अल्टेअरच्याच निमित्ताने. स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदाने एप्रिलमधील बैठकीत आपले यंत्र आणले, खटक्यांनी एक आज्ञावली भरली आणि शेजारी ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला. यंत्रातील विद्युत्कंपनांमुळे रेडिओत खरखर होते, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्या खरखरीला त्याने सुरांत बांधले होते. रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल ऐकू येऊ लागली, आणि सभा टाळ्यांनी दणाणली. संगणक ही सरकारची किंवा बँकेची वस्तू न राहता आपली वस्तू झाली, याचा तो आनंद होता.

शंभर पिनांची जोडणी

अल्टेअरचे खरे सामर्थ्य मात्र दर्शनी भागात नव्हते, ते पोटात होते. रॉबर्ट्स आणि येट्स यांनी सगळी जुळणी एकाच मोठ्या बोर्डावर केली नाही. प्रक्रियकाचे कार्ड वेगळे, स्मृतीचे वेगळे, आणि ही सर्व कार्डे शंभर पिनांच्या एकसारख्या खाचांत बसवावयाची, अशी रचना त्यांनी केली. या खाचांना जोडणाऱ्या समाईक तारांच्या समूहाला ‘बस’ म्हणतात. शंभरच पिना का? त्यामागे मोठे शास्त्र नव्हते. शंभर पिनांचे जोडणीचे भाग तेव्हा स्वस्तात मिळाले, एवढेच. पिनांची वाटणीही घाईत झाली होती आणि तिच्यातील दोष पुढे अनेकांना भोवले.

तरीही या रचनेचा परिणाम फार मोठा झाला. संचासोबत विद्युतमंडलाच्या आकृत्या दिल्या जात. कोणत्या पिनेवर काय असते, हे त्यांवरून कोणालाही समजे. तेव्हा ज्याला जमेल त्याने स्वतःचे कार्ड बनवावे आणि अल्टेअरमध्ये खोचावे, अशी सोय आपोआप झाली. टेलिव्हिजनला जोडण्याचे कार्ड, छपाईयंत्राचे कार्ड, अधिक स्मृतीचे कार्ड, अशी कार्डे बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. डिसेंबर १९७५ मध्ये ‘इम्साई ८०८०’ हा अल्टेअरच्याच धर्तीचा आणि त्याचीच कार्डे चालणारा संगणक ग्राहकांकडे जाऊ लागला. या बसला पुढे ‘एस-१००’ असे नाव पडले, आणि १९८३ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. घाईत केलेली जोडणी अशी प्रमाण ठरली, पण तोवर ती बनवणारी कंपनी उरली नव्हती.

स्मृतीचे दुखणे

त्याचे कारण शोधू लागले की आपण स्मृतीच्या कार्डापाशी येऊन थांबतो. २५६ बाईटमध्ये फारसे काही होत नसे, तेव्हा प्रत्येक ग्राहकाला अधिक स्मृती हवी होती. मिट्सने ४,०९६ बाईटचे कार्ड काढले. त्यात ‘गतिक’ प्रकारच्या चिपा होत्या. अशा चिपेत प्रत्येक १ हा विद्युत्भाराच्या रूपाने साठवलेला असतो, आणि तो भार झिरपून जातो. गळक्या मडक्यात पाणी टिकवावयाचे तर ते सतत भरत राहावे लागते, तसा हा भार सेकंदातून अनेकदा पुन्हा भरावा लागतो. हे भरणे आणि प्रक्रियकाचे वाचणे यांची वेळ बिनचूक जुळली पाहिजे. मिट्सच्या कार्डात ती जुळत नव्हती. लिहिलेले पुसले जाई आणि ग्राहक हैराण होत.

बर्कली येथे बॉब मार्श आणि गॅरी इन्ग्रॅम यांनी ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढून याच जागी आपले कार्ड आणले. त्यात ‘स्थितिक’ प्रकारच्या चिपा होत्या. त्यांना पुन्हा भरण्याची गरज नसते. ते कार्ड चालत होते, म्हणून ते खपले.

अशा वेळी मिट्सने काय करावयास हवे होते? उत्तर सोपे आहे : आपले कार्ड दुरुस्त करावयाचे. पुढे तिने स्थितिक स्मृतीची कार्डे काढलीही. पण तोवर रॉबर्ट्सने दुसरीच वाट धरली होती. मिट्सच्या वार्तापत्रातून त्याने अशा कंपन्यांना ‘परोपजीवी’ ठरवले. मार्च १९७६ मध्ये अल्बुकर्कीला भरलेल्या अल्टेअर संमेलनास शेकडो लोक लांबून आले. तेथे प्रतिस्पर्ध्यांना प्रदर्शनात जागा मिळाली नाही, तेव्हा मार्शने त्याच हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेऊन आपला माल मांडला आणि लोक जिना चढून गेले. विक्रेत्यांवर तर अट घालण्यात आली की, अल्टेअर विकावयाचा असेल तर दुसऱ्या कोणाचा माल ठेवावयाचा नाही. विक्रेते हळूहळू दुसरीकडे वळले.

बेसिकचा करार

आणखी एक बाजू पाहिली पाहिजे. जानेवारीचा तो अंक बोस्टनजवळच्या एका वृत्तपत्रविक्रेत्याकडे पॉल ॲलनच्या हाती पडला, आणि त्याने तो हार्वर्डमधील आपला मित्र बिल गेट्स याला दाखवला. दोघांनी अल्टेअरसाठी ‘बेसिक’ भाषा तयार केली. मॉन्टी डेव्हिडॉफ या विद्यार्थ्याने तिच्यातील गणिताचा भाग लिहिला. तिघांपैकी कोणीही तोवर अल्टेअर पाहिला नव्हता. हार्वर्डच्या मोठ्या संगणकाला ८०८० चे सोंग घ्यायला लावून त्यांनी काम केले. ॲलन विमानाने अल्बुकर्कीस गेला, तेथे पहिल्यांदा खऱ्या यंत्रावर आज्ञावली चढवली, आणि दोन अधिक दोनचे उत्तर चार आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा जन्म या कामातून झाला. २२ जुलै १९७५ रोजी मिट्सशी करार झाला.

मिट्सने या बेसिकची किंमत स्मृतीच्या कार्डाशी बांधली. ऑक्टोबर १९७५ मध्ये आठ हजार बाईटचे बेसिक नुसते घेतल्यास २०० डॉलर, पण मिट्सची स्मृती आणि जोडकार्ड घेतल्यास ७५ डॉलर असा भाव होता. चांगली वस्तू हवी असेल तर तिच्याबरोबर वाईटही घ्या, असा याचा अर्थ झाला. ग्राहकांनी तिसरीच वाट काढली. स्मृती दुसऱ्याकडून घेतली आणि बेसिकच्या छिद्रपट्ट्यांच्या नकला करून वाटल्या. त्यावर गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि याला चोरी म्हटले. त्याची तक्रार खरी होती. श्रम करणाऱ्याला मोल मिळालेच पाहिजे. पण ग्राहकाला या वाटेवर ढकलण्यात मिट्सच्या भावपद्धतीचाही हात होता, हे विसरता येत नाही.

विक्री आणि त्यानंतर

१९७६ मध्ये मिट्सची उलाढाल १ कोटी ३० लाख डॉलरवर गेली होती. परंतु रॉबर्ट्स थकला होता, स्पर्धा वाढत होती. १९७७ च्या मेमध्ये पर्टेक या कॅलिफोर्नियातील कंपनीने सुमारे ६० लाख डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात मिट्स विकत घेतली. बेसिकचे हक्कही आपल्याकडे आले, अशी पर्टेकची समजूत होती. पण करारात एक कलम होते : ही भाषा इतरांना विकण्यासाठी मिट्सने मनापासून प्रयत्न करावयाचे. ते झाले नाहीत म्हणून गेट्स आणि ॲलन लवादाकडे गेले, आणि १९७७ मध्येच निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तयार संगणक बाजारात आले. सोल्डरिंगची कटकट नको असलेला ग्राहक त्यांच्याकडे गेला, आणि अल्टेअरचे नाव लवकरच मागे पडले.

रॉबर्ट्स जॉर्जिया राज्यात जाऊन शेती करू लागला. तरुणपणी त्याला डॉक्टर व्हावयाचे होते. चाळिशी उलटल्यावर त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, १९८६ मध्ये पदवी मिळवली आणि कॉक्रन या लहानशा गावात दवाखाना थाटला. तो तेथे अखेरपर्यंत रुग्ण तपासत असे. १ एप्रिल २०१० रोजी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. अखेरच्या आजारात बिल गेट्स त्याला भेटून गेला होता.

तात्पर्य

मिट्सने रचना उघडी ठेवली म्हणून ती बुडाली, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो मान्य नाही. रचना उघडी नसती तर अल्टेअरला कार्डे मिळाली नसती, आणि कार्डे नसती तर ती पेटी म्हणजे केवळ दिव्यांचे खेळणे ठरले असते. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक असाच उघडा ठेवला, आणि त्या धर्तीचे संगणक जगभर पसरले. दार उघडे ठेवले की माणसे येतात, त्यांतली काही आपल्याच अंगणात दुकान मांडतात. त्याला इलाज नाही, आणि त्याचे दुःखही नको. प्रश्न एवढाच, की त्या गर्दीत आपला माल चांगला आहे की नाही.

कॅल्क्युलेटरच्या वेळी मिट्सला बाहेरच्या बलाढ्य कंपन्यांनी हरवले. तेथे तिचा इलाज चालण्यासारखा नव्हता. स्मृतीच्या कार्डाची गोष्ट निराळी होती. तेथे चूक घरातली होती, दुरुस्त होण्याजोगी होती, आणि ग्राहक ती रोज सांगत होते. त्यांचे ऐकण्याऐवजी शेजाऱ्याचे दुकान बंद करण्यात कंपनीची शक्ती खर्च झाली. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत आपला प्रयोग चुकतो, शेजारच्या टेबलावरचा बरोबर येतो, तेव्हा आपण काय करतो? आपली जोडणी तपासतो, की त्याच्या टेबलाकडे रागाने पाहतो? हीच सवय पुढे दुकानात आणि कारखान्यातही आपल्याबरोबर येते.